शेवटचा रकाना

सोमवार, ३ फेब्रुवारी

अकरा बायका आणि मी. बारा खुर्च्या, त्यांतली एक डुगडुगणारी. ती माझ्या वाट्याला. पहिल्याच सुट्टीत पायाखाली पुठ्ठ्याची चौपदरी घडी घातली. आता हलत नाही.

वर्ग लाँड्रीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. खालच्या इस्त्र्यांची वाफ जिन्यातून वर येते, भिंतीवरचे तक्ते कडांना वळलेत. शिकवणाऱ्या बाई तीस वर्षं हॉस्पिटलात, लहान मुलांच्या वॉर्डात होत्या. बुटक्या, हळू बोलणाऱ्या. पण त्या बोलायला लागल्या की माणसं खोकायची थांबतात. हजेरी घेताना माझ्यापाशी अडल्या.

"मुलीला सोडायला आलात?"

"नाही. शिकायला."

मागे फिस्सकन कुणीतरी हसलं. बेकरीत पहाटेची पाळी करून येणारी एक पोरगी आहे, केसांत पीठ तसंच. तीच. मधल्या सुट्टीत सरळ येऊन म्हणाली, "तुम्हाला हाक काय मारायची? आया म्हणायची पंचाईत आहे." म्हटलं, मामा म्हण. दुपारपर्यंत अख्ख्या वर्गाचा मामा झालो.

सहा आठवडे वर्ग. मग चार आठवडे कुणाच्या तरी घरी प्रात्यक्षिक, रोज चार तास, एकूण ऐंशी. १२ एप्रिलला परीक्षा. पास झालो की 'व्यावसायिक बालसंगोपक' असं छापील प्रमाणपत्र, शिक्क्यासह. लेकीची रजा २० एप्रिलला संपते. आठ दिवस हातात राहतात. बसतंय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

हे सगळं कशासाठी ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात घोळणार नाही.

नात अडीच महिन्यांची आहे. लेक नोकरीवर परत जाणार तेव्हा तिला कोण बघणार, असा विषय निघाला. बायकोचे गुडघे गेलेले, तिला मूल घेऊन उठता येत नाही. मी म्हणालो, मी आहे की. दुकान बंद केल्यापासून मोकळाच आहे. लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी मोडली, परत घातली. म्हणाली, "नको बाबा. आम्ही शिकलेलं माणूस ठेवणार आहोत."

शिकलेलं! आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला हे सांगायचं. रेडिओ, टेप, टीव्ही, मायक्रोवेव्ह — एकही कुणी शिकवलं नाही. उघडलं, पाहिलं, वहीत आकृती काढली, परत बसवलं. एकतीस वर्षं दुकान चालवलं. मग हेही शिकतो, म्हटलं. तिला सांगितलेलं नाही. प्रमाणपत्र समोर ठेवीन, तेव्हा बोलेन.

आणखी एक. नात झाल्यापासून तिच्या घरी अकरा वेळा गेलो. अकराही वेळा नातीच्या खोलीत मी आणि नात असे दोघंच कधी नव्हतो. लेक उठली की जावई येतो. जावई उठला की दार उघडं ठेवून लेक तिथूनच बोलत राहते. योगायोग अकरा वेळा होत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

प्रत्येकाला एकेक बाहुलं दिलंय. चार किलोचं, मान लुळी. दिवसभर ते तुमचं मूल. खाली ठेवायचं तर दुसऱ्याच्या हवाली करायचं, तोंडाने सांगून: "घेतलंस?" "घेतलं." तेव्हाच सोडायचं.

श्वास थांबला तर छाती कशी दाबायची, ते शिकवायचं बाहुलं वेगळं आहे. बरोबर खोलीपर्यंत दाबलं की त्यातून टक्क आवाज यायला हवा. येत नव्हता. बाई म्हणाल्या, आवाज आला असं समजा. मला असं समजता येत नाही. सुट्टीत ते उघडलं. आतली पट्टी वाकली होती. बाईंच्या कात्रीच्या दांड्याने सरळ केली. टक्क! बायकांनी टाळ्या वाजवल्या. बेकरीवाली म्हणाली, "मामांनी बाळाला जीव दिला."

बाईंनीही दाबून पाहिलं. "छान झालं. आता सांगा मामा, तुमचं बाळ कुठे आहे?"

माझं चार किलोचं खिडकीजवळच्या टेबलावर पालथं पडलं होतं. तोंड रेक्झिनच्या पिशवीत. सतरा मिनिटं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बाळ उताणंच निजवायचं. उशी नाही, खेळणं नाही, सैल दुलई नाही. दर पंधरा मिनिटांनी जाऊन पाहायचं. दारातून नव्हे, जवळ जाऊन: छाती हलते का, ओठांचा रंग कसा, अंग गरम की गार. आणि तिथेच उभ्याने तक्त्यावर वेळ लिहायची.

बाईंचे नियम तीन. पाहिलं तेच लिहायचं. पाहिलं तेव्हाच लिहायचं. चूक झाली तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही — एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर काय ते, आणि सही.

हे मला पटलं. दुकानात मी मीटरची रीडिंग अशीच घ्यायचो. वर्गात माझा तक्ता सगळ्यांत स्वच्छ. हे मी म्हणत नाही, बाई म्हणाल्या.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आज घटना-नोंदीचा फॉर्म शिकवला. मुलाला काही लागलं, भाजलं, ते पडलं, किंवा थोडक्यात वाचलं, तरी हा भरायचा. पाच रकाने. कधी, कुठे. काय झालं. सांभाळणारी व्यक्ती त्या वेळी कुठे होती. काय उपाय केला. आणि पाचवा: मुलाच्या स्वतःच्या शब्दांत.

"हा रकाना तुमचा नाही," बाई म्हणाल्या. "मुलाला विचारायचं आणि उतरून घ्यायचं. बाऊ झाला म्हणालं तर बाऊ झाला. सुधारायचं नाही. बोलता येत नसेल तर तसं लिहा, पण मोकळा सोडू नका. मोकळा रकाना म्हणजे कुणी विचारलंच नाही."

गृहपाठ: आपल्या घरात खरंच घडलेली एक घटना, या फॉर्मवर.

मी लेकीच्या मनगटाची घेतली. वय पाच वर्षं दोन महिने. राहत्या घरातलं माझं कामाचं टेबल, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नला उजवं मनगट आतल्या बाजूने टेकलं. मी दोन सेकंद पाठ वळवली होती. नळाखाली गार पाणी, मग डॉक्टर. व्रण राहिला, आजही दिसतो, मटारच्या शेंगेएवढा. स्वच्छ अक्षरात एक पान.

सोमवार, ३ मार्च

गृहपाठ परत आला. बाकी सगळं बरोबर. 'दोन सेकंद पाठ वळवली' याखाली लाल रेघ आणि समासात: "तुम्ही कुठे होता?" पाचवा रकाना मोकळा होता, तिथे लाल गोल.

मी बाईंना म्हणालो, पाठ वळवली म्हणजे तिथेच होतो, उघड आहे.

"मग जागा लिहा ना. टेबलापासून किती फुटांवर? तुम्ही तर स्क्रूचंही माप लिहिता."

"सव्वीस वर्षं झाली बाई."

"मुलगी आहे ना अजून? तिला विचारून पाचवा भरा. घाई नाही."

फॉर्म घडी करून या वहीत ठेवला. पाच रकान्यांचा एक कागद, पण जिन्यातून उतरताना कान तापले होते.

सोमवार, १७ मार्च

प्रात्यक्षिक सुरू. तीन खोल्यांचं घर, खाली डोळ्यांचा दवाखाना. आई तिथली डॉक्टर, नऊ ते एक रुग्ण बघते. स्वयंपाकघरात लाल बटण आहे, दाबलं की ती दीड मिनिटात वर. वडील बाहेरगावी असतात.

मूल दहा महिन्यांचं. मी त्याला साहेब म्हणतो. कारण त्याने मला पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग तोंड फिरवून दुसऱ्या कामाला लागला.

डॉक्टरीणबाई दारातच म्हणाल्या, "खरं सांगू? पुरुष आहे कळल्यावर मी नाही म्हणणार होते. तुमच्या बाई म्हणाल्या, तक्ता बघा आणि मग ठरवा." म्हटलं, बघा.

शुक्रवार, २१ मार्च

साहेब ११.१० ला झोपतात, १२.२५ ला उठतात. पाच दिवसांत फरक दोन-तीन मिनिटांचा. असं घड्याळ मी विकलं असतं तर नाव झालं असतं.

कुस्करलेलं केळं खाताना माझी करंगळी धरून ठेवतात. सोडवली की खाणं बंद.

डॉक्टरीणबाई आज म्हणाल्या, "मामा, मी आता मधेच वर येऊन दारातून डोकावत नाही." एवढंच.

बुधवार, २६ मार्च

पाळण्याच्या कठड्याला आवाज ऐकायचं यंत्र अडकवलंय, दुसरा भाग स्वयंपाकघरात. मूल रडलं की तिकडे ऐकू येतं. ते खरखरतंय. भुंग्यासारखा आवाज, मध्येच तुटतो. आत कुठेतरी जोड सुटलाय, नक्की. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राहू द्या, नवीन मागवते. नवीन कशाला? पाच मिनिटांचं काम.

गुरुवार, २७ मार्च

साहेब ११.१० ते १२.२५ झोपले. तक्ता पूर्ण. विशेष काही नाही.

शुक्रवार, २८ मार्च

कालची नोंद खोटी आहे. वर एक रेघ मारली, वाचता येते. आता खरं.

११.२५ ला पाहिलं. झोप शांत. तिथेच खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, कठड्यावरच्या यंत्राचे चार स्क्रू काढले, शर्टाच्या खिशात टाकले. यंत्र स्वयंपाकघरात नेलं. जोड सापडला. नुसता दाबून भागणार नव्हतं, तार सोलून पीळ द्यायला हवा होता. दिला. मग दुसरी तारही बघावी म्हटलं. मान वर केली तर १२.०५.

११.४० गेलं होतं. ११.५५ गेलं होतं.

खोलीत गेलो. साहेब उठून बसले होते. रडत नव्हते. तोंड हलत होतं. काहीतरी चघळल्यासारखं.

खिशात हात घातला. स्क्रू तीन.

मी एवढा घाबरलेला माणूस आयुष्यात पाहिला नाही, आणि तो मीच होतो. पाळण्यावर वाकून स्क्रू काढले होते, खिसा उलटा लोंबत होता. सहा मिलिमीटरचा, टोकदार. बाईंनी घोटून घेतलेलं तेवढं हातांना आठवलं: तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. खिडकीपाशी नेलं, तोंड उघडून पाहिलं. जीभ, दोन दात, बाकी काही नाही. खोकला नाही. श्वासाला आवाज नाही. रंग ठीक. पण गिळला असेल तर रंग ठीकच असणार!

साहेबांना घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आलो. लाल बटण चार पावलांवर होतं. दाबलं नाही. हे इथे लिहितोच, कारण बाकी सगळं चुकून झालं, हे चुकून झालं नाही. मी बटणाकडे पाहिलं आणि दाबलं नाही.

साहेबांना कडेवर घेऊन चादर झटकली, गादी उचलली, गालिचा हाताने चाचपला, केराची बादली पालथी केली. बावीस मिनिटं. साहेबांना तो खेळ वाटला, हसत होते. मग यंत्र हातात घेतलं आणि उलटं केलं. चौथा स्क्रू आतल्या स्पीकरच्या चुंबकाला पाठीमागून चिकटून बसला होता. खिशात टाकताना एक सटकून उघड्या यंत्रात पडला असणार.

लोहचुंबक! एकतीस वर्षं सांडलेले स्क्रू चुंबकानेच गोळा करत आलो.

यंत्र बंद केलं, बसवलं. आवाज स्वच्छ. मग तक्ता घेतला आणि लिहिलं: ११.४० — झोप, श्वास नियमित. ११.५५ — झोप, श्वास नियमित. १२.१० — झोप, श्वास नियमित. उठण्याची वेळ १२.२५. अक्षर इतकं सुंदर आलं की काय सांगू.

डॉक्टरीणबाई वर आल्या. "अय्या, खरखर गेली? मामा, तुम्ही म्हणजे ना!"

शनिवार, २९ मार्च

प्रात्यक्षिकाच्या काळात शनिवारी सगळे वर्गात जमतात, तक्ते दाखवतात. बाईंनी सगळे चाळले. मग एक उचलला आणि फळ्याला टाचणीने लावला.

"असा तक्ता हवा. कुणाचा ते सांगत नाही."

बेकरीवाली मागून, "सांगायला कशाला हवं, छापलेला वाटतोय. मामा, छापखाना उघडा आता."

गुरुवारचा होता. दोन तास माझ्यासमोर लटकत होता.

रविवार, ३० मार्च

लेकीकडे गेलो. बारावी खेप, वर्ग सुरू झाल्यापासून पहिलीच. नातीची अंघोळ चालली होती, मी दारात उभा. पाण्याला कोपर लावून पाहिलंस का, असं तोंडातून निघून गेलं. लेक वळली.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग सांगितलंच. वर्ग, बाई, बाहुलं, साहेब, सगळं. वाटलं होतं हसेल. हसली नाही. नातीला टॉवेलात गुंडाळत राहिली.

"प्रमाणपत्र मिळालं तर?" मी विचारलं.

"प्रमाणपत्राचं नाही हो बाबा."

"तूच म्हणालीस शिकलेलं माणूस —"

"म्हणाले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले."

टॉवेल सावरताना तिची बाही वर गेली. तिने ती खाली ओढली. सव्वीस वर्षांत ही गोष्ट मी किती वेळा पाहिली असेल, आणि किती वेळा दुसरीकडे पाहिलं असेल.

नातीला सांभाळायला दोन बायकांच्या मुलाखती झाल्यात, तिसरी बुधवारी येणार आहे.

सोमवार, ३१ मार्च

सकाळी दवाखाना उघडण्याआधी डॉक्टरीणबाईंना खाली गाठलं. तक्ता नव्हता, तो वर्गाच्या फळ्यावर. म्हणून कोऱ्या फॉर्मवर लिहून नेलं होतं. पाच रकाने. तिसऱ्यात: "स्वयंपाकघरात, यंत्र दुरुस्त करत. पाळण्यापासून अठ्ठावीस फूट. चाळीस मिनिटं." चौथ्यात बटण न दाबल्याचं. पाचव्यात: "बोलता येत नाही. हसत होता."

त्यांनी उभ्यानेच वाचलं. मग बसल्या. परत वाचलं. चेहऱ्यातलं रक्त उतरताना मला दिसलं.

"स्क्रू सापडला ना? नक्की?"

"चार मोजून बसवले."

"मी दीड मिनिटावर होते. दीड मिनिटावर!"

त्यांनी फॉर्म मिटून खणात ठेवला.

"तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कधीच कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "आणि सांगितलंत म्हणून तुम्हाला ठेवता येत नाही. कळतंय ना तुम्हाला?"

कळलं. वर जाऊन साहेबांना भेटू का, असं विचारणार होतो. नाही विचारलं.

तिथून बाईंकडे. फळ्यावरचा तक्ता काढला, त्यांच्यासमोर तीन नोंदींवर रेघा मारल्या, पहिल्या दोन्हींशेजारी 'पाहिले नाही', तिसरीशेजारी 'जागा होता' लिहिलं, उठण्याची वेळही दुरुस्त केली, सही केली. बाईंनी एकेक दुरुस्ती बोट ठेवून वाचली. मग टाचणी घेऊन तो तक्ता परत फळ्याला लावला.

"काढू नका," म्हणाल्या. "आधीपेक्षा आता शिकवायला उपयोगी आहे."

बुधवार, २ एप्रिल

निकाल लागला. झालेले तास चाळीस. पण घटनेमुळे ते घर मोजत नाहीत. १२ तारखेला परीक्षेला बसता येणार नाही. पुढची तुकडी जूनमध्ये, प्रात्यक्षिक पहिल्यापासून. बाई म्हणाल्या, "या. मी नाव लिहून ठेवते." जून! लेक २१ तारखेला कामावर जाते.

बायकोला सांगितलं. ती गुडघ्याला तेल लावत होती. म्हणाली, "आयुष्यभर लोकांचे रेडिओ बरे केलेत. एकदा तरी एखादी वस्तू बिघडलेली राहू द्यायची होती."

शनिवार, ५ एप्रिल

वहीतून तो जुना फॉर्म काढला. बाईंची लाल रेघ तशीच.

पेन घेतलं. 'मी दोन सेकंद पाठ वळवली होती' यावर एक आडवी रेघ. शेजारी:

"मी घरात नव्हतो. रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या दुकानात होतो. त्याचा रेडिओ मी नीट केला होता, तो पोचवायला गेलो. आयर्न चालू ठेवून गेलो, कारण दोन मिनिटांत परत येणार होतो. तिथे चारपाच जण बसले होते. त्यांनी रेडिओ ऐकला. एकाने विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात? मी सांगत बसलो. चहा आला. पाऊण तास. किंचाळी रस्ता ओलांडून आली तेव्हा धावलो."

हे एवढं बायकोलाही माहीत नाही.

चौथ्या रकान्यात जागा उरली होती. 'नळाखाली गार पाणी, मग डॉक्टर' याच्या पुढे लिहिलं: "डॉक्टरांकडे नेताना जिन्यात मुलीला म्हणालो, आईने विचारलं तर सांग, बाबा इथेच होते. ती हो म्हणाली. तिने तसंच सांगितलं. नंतर कधीही वेगळं सांगितलं नाही."

पाच वर्षं दोन महिने वय. तेवढ्या पोरीच्या तोंडात मी माझी नोंद घातली. भाजण्याचा व्रण पाण्याने थोडा तरी कमी झाला. हा सव्वीस वर्षं तिने एकटीने सांभाळला.

सही केली. पाचवा रकाना मोकळा.

रविवार, ६ एप्रिल

फॉर्म लेकीला दिला. म्हटलं, मी नापास झालो, म्हणजे परीक्षेलाही बसू दिलं नाही, का ते सगळं सांगतो. सांगितलं. स्क्रूचं, बटणाचं. "हा कागद त्याचा नाही, जुना आहे. आईलाही आज घरी जाऊन सांगणार आहे. तुला काही लिहायचं असेल तर शेवटचा रकाना तुझा आहे. नसेल तर राहू दे."

दारातच वाचायला लागली. मी जिन्याने खाली आलो. चपलेचा बंद अर्धा सुटलेला, तसाच.

बायकोला त्या कागदाचं सांगितलं. तिने चष्मा मागून घेतला, स्वतः वाचायचं म्हणाली, पण कागद तर लेकीकडे. मी तोंडपाठ म्हटला. ती उठून आतल्या खोलीत गेली, दार लावलं. जेवायला एकाच ताटाचा आवाज आला.

मंगळवार, ८ एप्रिल

लेकीचा फोन नाही.

गुरुवार, १० एप्रिल

नाही. बायको बोलते, पण कामापुरतं. "दूध संपलंय." "दार ओढून घ्या."

शनिवार, १२ एप्रिल

आज परीक्षा. अकरा वाजता घड्याळाकडे पाहिलं — लेखी सुरू झाली असेल. दुपारी बेकरीवालीचा फोन. "मामा, तोंडीला मला तुमचाच तक्ता विचारला! रेघ का मारलीय, विचारलं. मी म्हटलं, माणूस खरं बोलला म्हणून. पास केलं हो मला." मागे बायकांचा कलकलाट. "जूनला या, आम्ही बघायला येऊ."

तिला बरं वाटावं म्हणून हसलो. मग खरंच हसू आलं.

मंगळवार, १५ एप्रिल

बायकोने सांगितलं, तिसरी बाई लेकीला पसंत पडली आहे. शिकलेली, शांत, दोन घरांचा अनुभव. सोमवारपासून बोलवायचं म्हणतेय. बरं झालं. नातीला चांगलं माणूस मिळालं, हे महत्त्वाचं. हे वाक्य तीनदा मनात म्हणून पाहिलं.

शनिवार, १९ एप्रिल

जावई पाकीट देऊन गेला. म्हणाला, "त्या तिसऱ्या बाईंना होकार नाही कळवला आम्ही. तुमच्या लेकीने ठरवलंय." पाकिटावर तिचं अक्षर: सोमवारी पावणेनऊला या. ती नऊला झोपते. दर पंधरा मिनिटांनी.

बायकोला हाक मारून वाचून दाखवलं. तीही हसली, पंधरवड्यात पहिल्यांदा. दोनदा वाचलं. पाकीट जड लागलं, आत माझाच फॉर्म परत पाठवला असेल म्हणून लगेच उघडलंही नाही. चहा झाल्यावर उघडलं. पाचवा रकाना भरला होता. जसंच्या तसं उतरवतो, सुधारत नाही:

"खिडकीतून तुम्ही दिसत होता. मी दोनदा हाक मारली. ते गरम असतं हे मला माहीत होतं. आधी एकदा बोटाला चटका बसला होता तेव्हा तुम्ही सगळं टाकून आला होता. म्हणून मी हात लावला. तुम्ही आलात."